पैकीच्या पैकी कान

४ मार्च, रविवार

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न फोडताच कपाटात टाकायचा तुमचा विचार असेल, तर जरा थांबा. आधी बातमी वाचा. मी पास झाले. कानांच्या तपासणीत. पैकीच्या पैकी!

झाकणांचा कारखाना सोडून निघालात त्या दिवशी गेटवर सगळ्यांदेखत तुम्ही मला काय म्हणालात, ते मी विसरलेले नाही. "तोफे, माझे कान गेले ते निदान कागदावर तरी आले. तुझे गेलेत ते तुलाच कळत नाही. दाखवून घे कुणाला तरी." त्यावर मी म्हणाले, "बहिऱ्या तुम्ही, वन्सं. माझ्या कानांना काही धाड भरलेली नाही." तेव्हा तुम्ही जी पाठ फिरवलीत ती फिरवलीत. लेकीकडे जाऊन राहिलात, वर्ष होत आलं, एक ओळ नाही. चारचौघांत आपण नणंद-भावजय म्हणून भांडलो असतो तर शोभलं तरी असतं. आपण भांडलो कशावरून, तर बहिरं कोण यावरून.

असो. या वेळची तपासणी गेल्या वर्षीसारखी नव्हती. तेव्हा डॉक्टर पाठीमागे उभे राहून कुजबुजले आणि तुम्ही त्यांना म्हणालात, "अहो, बोला ना आता, किती वेळ उभी ठेवता?" (त्या दिवशी मी रजेवर होते, हा निव्वळ योगायोग. पोट दुखत होतं.) या वेळी एक मोठी गाडीच आली, आवारात पाण्याच्या टाकीशेजारी उभी राहिली. आत कपाटाएवढी खोली, भिंतींना गादीसारखं मऊ काहीतरी लावलेलं, समोर काच आणि काचेपलीकडे कान तपासणाऱ्या बाई. डोक्यावर हेडफोन चढवायचा, हातात बटण धरायचं, आवाज आला की दाबायचं. मी असं काही दाबत सुटले की बाईंनी दोनदा वायरी काढून परत लावल्या.

"किती वर्षं प्रेसवर आहात?" त्यांनी विचारलं.

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून," मी म्हटलं, "आता सासू व्हायच्या वयाची झाले."

"कमाल आहे हो."

"आहेच," मी म्हटलं.

आणखी एक. तुमच्या लेकीला सांगा, फोन करत जाऊ नकोस. परवा केला तेव्हा मी "हो का, बरं बरं" म्हणून तुमच्या भावाच्या हातात दिला. गैरसमज नको, मी घाईत होते. शिवाय फोनवर समोर माणूस दिसत नाही, तर बोलायचं तरी कुणाशी? तुम्ही आणि मी इतकी वर्षं बोललो ते काय आवाजाने बोललो? मध्ये वाट, इकडे माझी प्रेस, तिकडे तुमची, पत्र्यावर साचा आदळतोय, झाकणांचा पाऊस पडतोय, आणि आपण ओठांनी आणि हातांनी अख्खं घर बोलायचो. दोन बोटं वरच्या ओठावर ठेवली की मिशा, म्हणजे सुपरवायझर, येतोय हे सगळ्या खात्याला कळायचं.

तुमच्या मशीनवर आता नवी आहे. तिचं नाव मला सांगितलं होतं, पण तेव्हा प्रेस चालू होती, म्हणून नवीच पडलं. शिवणकाम सोडून आलेली, दोन मुलांची आई, हाताला चपळ. पण तिला हातांची भाषा येत नाही. माझ्याकडे बघून ओरडते बिचारी.

उत्तर पाठवा. "चुकले" एवढं लिहिलंत तरी चालेल.

तुमची भावजय


१८ मार्च, रविवार

वन्सं,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही तुमच्याच घरात नांदलेली आहे, हट्ट कसा करायचा ते तिथेच शिकले.

मागच्या पत्रात एक गोष्ट सांगायची राहिली. म्हणजे राहिली नाही, ठेवली. पण पोटात राहीना, आणि सांगण्यासारखी मजा दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

त्या गाडीत बसले तेव्हा पहिला बराच वेळ काही ऐकूच आलं नाही. मला वाटलं, अजून सुरू व्हायचंय. मग सहज काचेतून बघते तर बाई काम करताहेत! आणि वन्सं, बाईंची एक खोड. आवाज सोडायच्या आधी त्यांचा डावा खांदा इवलासा वर जातो. दुसऱ्या कुणाला दिसणार नाही. पण मिशाची नुसती पावलं बघून त्याचं बायकोशी भांडण झालंय का, हे आपण ओळखायचो. मला खांदा दिसणार नाही? खांदा वर, बटण खाली. खांदा वर, बटण खाली. झाले पास.

बाहेर आले तर आपल्या बायका रांगेत उभ्या, चेहरे उतरलेले. नापास झालो तर तुमच्यासारखं पॅकिंगमध्ये पाठवतील ही धास्ती. मी टाकीशेजारूनच हातांनी सांगितलं: काच, बाई, डावा खांदा. सगळं प्रेस खातं पास! एकीलाही काही झालेलं नाही. आमचे कान तान्ह्या बाळांसारखे आहेत असं बाई म्हणाल्या म्हणे. म्हणताना त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते कळलं नाही.

नवीला खांद्याची गरजच पडली नाही. ती खरीखुरी पास झाली. परवा जेवणाच्या सुट्टीत मात्र मला म्हणाली, "काकू, घरी गेल्यावर कुणीतरी बारीक शिट्टी वाजवत असल्यासारखं वाटतं. मुलांना विचारते तर ती म्हणतात, कुणी नाही वाजवत." मी म्हटलं, "होईल सवय. आम्हालाही वाजायची. पुढे पुढे लक्षच जात नाही." आपल्याला जुन्या बायकांनी हेच सांगितलं होतं, आठवतं ना?

कानात घालायची ती पिवळी फोमची बुचं अजून मिळतात. कँटीनमधल्या डुगडुगत्या टेबलाखाली मी दोन सारली, टेबल अगदी स्थिर झालं. कानात कोण घालणार? पत्रा अडकायच्या आधी प्रेस खोकते, ते ऐकायला नको?

आता तरी लिहा.

तुमची भावजय


२६ मार्च

तोफे,

पत्रं पोचली. दोन्ही वाचली. हसलेही, खोटं कशाला बोलू. मग रात्री हसू आलं नाही.

एक सांग, नापास झाले म्हणून मला पॅकिंगमध्ये पाठवलं आणि मी महिन्याभरात घरी बसले, ते का? तुला वाटलं, अपमान झाला म्हणून. अपमान कसला? प्रेसवर मी बहिरी नव्हतेच. तिथे सगळेच बघून बोलायचे. पॅकिंगमध्ये शांतता. सगळ्या मान खाली घालून लेबलं चिकटवतात आणि मान खाली घालूनच बोलतात, हसतात. मी त्यांच्या मधोमध बसून एकटी. इथे लेकीकडेही तेच. नातू गोष्ट सांगतो ती भिंतीकडे तोंड करून सांगतो. मी "हो का?" म्हणते. चुकीच्या जागी हसते.

कानांवरून भांडले तुझ्याशी, कारण हे तुझं होऊ नये असं वाटत होतं. तुला सरळ सांगितलेलं कधी कळत नाही.

आणि डोकं चालव जरा. तुम्ही सगळ्या पास झालात, म्हणजे मशिनं पास झाली. आता ती आवाज अडवणारी कव्हरं कोण कशाला बसवील?

वन्सं


२ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी आधी रागावले. "सरळ सांगितलेलं कळत नाही" म्हणे! गेटवर सगळ्यांसमोर तोफ म्हणून हाक मारणं हे तुमचं सरळ. मग परत वाचलं. मग भाजी करपली.

आज कामावर गेले आणि मिशाला गाठलं. त्याला विचारलं, कव्हरांचं काय झालं? तुम्हाला ठाऊक आहे, गेलं वर्षभर चाललंय: प्रत्येक प्रेसभोवती आवाज अडवणारी पेटी बसवायची, बायकांना कानांवर घालायला चांगले मफ द्यायचे. मॅनेजर म्हणत होते, आधी तपासणी होऊ दे, कानांना खरंच काही होत असेल तर बसवू. मिशा एकदम खुशीत म्हणाला, "अहो, रद्द झालं ते! तुमच्या सगळ्यांचे कान ठणठणीत आहेत म्हणून अहवाल आला. उगीच कशाला मशिनं झाकायची?" आणि वर म्हणाला, "अभिनंदन."

वन्सं, मी तशीच प्रेसकडे परत गेले.

दुपारी नवी माझ्याशी बोलायला आली तेव्हा मी प्रथमच नीट बघितलं. ती डावा कान माझ्याकडे करते. हळूच मान वळवते, स्वतःच्याही लक्षात येत नसेल. तुम्ही पहिल्या वर्षांत अशाच मान वळवायचात आणि मी तुम्हाला चिडवायचे, लाजताय काय म्हणून.

तिच्या शिट्टीला मी "होईल सवय" म्हणाले, ते शब्द आता परत घेता येत नाहीत. खाल्लेलं गोड लागत नाही. पण सांगायचं कुणाला आणि कसं? मी खरं सांगितलं तर सगळ्या नापास. सगळ्या नापास म्हणजे सगळ्या पॅकिंगमध्ये, आणि सगळ्यात आधी मी. आणि पॅकिंगमध्ये काय होतं ते तर तुम्ही आत्ताच लिहिलंत. घाबरवायची काही गरज होती का?

माझी प्रेस मला सोडवत नाही हो. वेडेपणा आहे, लोखंडाचं धूड ते. पण दारातून आत गेलं की ती मला ओळखते असं वाटतं. पहिली प्रेस कुणाची, तर तोफेची.

काय करू ते लिहा. लवकर लिहा.

तुमची भावजय


१६ एप्रिल

वन्सं,

"तुला काय करायचं ते तुला कळलंय, मला कशाला विचारतेस?" एवढंच लिहायला तुम्ही पाकीट, तिकीट आणि अख्खं पान खर्च केलंत. धन्य आहात. पण काम झालं.

आधी मी नवीकडून कान तपासणाऱ्या बाईंना फोन करवला. नवीने बोलायचं, मी तिच्या शेजारी उभं राहून खुणा करायच्या. बाई स्कूटरवरून दुसऱ्याच दिवशी आल्या. मी त्यांना टाकीमागे नेलं आणि खांद्याची गोष्ट सांगितली. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी स्वतःच्या डाव्या खांद्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मग पोट धरून हसल्या.

"अख्खं प्रेस खातं बाळांच्या कानांचं निघालं तेव्हाच मला शंका आली होती," त्या म्हणाल्या, "मी अहवालात लिहिलंही, परत तपासा म्हणून. पण शेवटचं पान कोण वाचतं?" मग हसणं थांबवून, माझ्या तोंडासमोर तोंड आणून सावकाश म्हणाल्या, "गेलेलं परत आणता येत नाही, ताई. राहिलेलं राखता येतं. नवीचं बरंच राहिलंय."

मग बायकांशी बोलणं. ते सोपं नव्हतं. कँटीनमध्ये सगळ्यांना गोळा केलं. माझ्या पलीकडच्या प्रेसवरची लांबडी तर माझ्यावर उखडलीच. "तूच शिकवलंस आणि आता तूच बुडवतेस? मला पॅकिंगमध्ये जायचं नाही!" मी म्हटलं, कुणालाच जायचं नाही. तेच तर मॅनेजरांना सांगायचं. कव्हरं बसवा आणि आम्हाला आमच्या मशीनवर ठेवा, दोन्ही. एकेकटीने गेलं तर एकेकटीला काढतील. सगळ्या गेलो तर झाकणं कोण पाडणार? लांबडीने हातांनीच विचारलं: आणि तुला काढलं तर? मी हातांनीच सांगितलं: तर काढलं.

आता पुढचं नीट वाचा, मी नीट लिहिते.

मॅनेजर साहेब कँटीनमध्ये आले, हातात अहवालाची फाइल, मागे कान तपासणाऱ्या बाई. माणूस वाईट नाही. म्हणाले, "बाई, मला तुमचं म्हणणं पटतं. पण इथे लिहिलंय, सगळ्यांना उत्तम ऐकू येतं. आत्ताही मी बोलतोय ते तुम्हाला सगळं समजतंय ना?"

"समजतंय," मी म्हटलं, "कारण दिसतंय. साहेब, ती फाइल तोंडापुढे धरा आणि आम्हाला काहीतरी विचारा. ज्याला ऐकू येईल तो हात वर करील असं काहीतरी."

त्यांना गंमत वाटली. त्यांनी फाइल वर उचलली. आम्ही सगळ्या त्या फाइलकडे बघत बसलो. मी वाट बघतेय, लांबडी वाट बघतेय, कोपऱ्यातल्या दोघी वाट बघताहेत. मला वाटलं, साहेब अजून विचार करताहेत काय विचारावं याचा. कँटीनमध्ये शांत होतं. निदान मला तरी शांत वाटलं.

मग माझ्या शेजारून एक हात वर गेला. नवीचा. वर गेला आणि तिने आजूबाजूला बघितलं, आणि तो तसाच अर्धवट राहिला.

साहेबांनी फाइल खाली केली. चेहरा असा झाला होता की मी ओठ वाचायच्या आधीच मला कळलं. नवीने मला हलवून सांगितलं, "काकू, त्यांनी विचारलं, उद्या भरपगारी सुट्टी कुणाकुणाला हवी?"

वन्सं, भरपगारी सुट्टी! आपल्या खात्यात! आणि एक हात! तुमच्या काळात मिशाने नुसता सुट्टीचा 'सु' उच्चारला असता तरी पाय वर झाले असते.

मी म्हटलं, "साहेब, परत विचारा, तोंड दिसू दे." त्यांनी विचारलं. सगळे हात वर, माझे दोन्ही. सगळ्या खो खो हसायला लागल्या. साहेब हसले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि कान तपासणाऱ्या बाईंना म्हणाले, "मोठ्याने बोललो होतो मी." बाई म्हणाल्या, "हो. मी ऐकलं."

सुट्टी काही मिळाली नाही. पण तपासणी परत होणार, काचेला कागद लावून. आणि कुणालाही तिच्या मर्जीविरुद्ध खात्यातून हलवायचं नाही, हे साहेबांनी सगळ्यांसमोर, तोंड आमच्याकडे करून सांगितलं.

तुमची भावजय


२० मे

वन्सं,

निकाल लागला. सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी तपासणी घेतली, कान ताजे असताना. काचेवर बाईंनी आतून तपकिरी कागद चिकटवला. मी आत बसले आणि बसलेच. किती वेळ बसले कुणास ठाऊक. जाड आवाज थोडे आले. बारीक आवाज एकही नाही. दार उघडून बाईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मला वाटलं, आता सुरू करणार.

तर सांगायचं ते असं: खात्यात सगळ्यात जास्त कान माझे गेलेत. लांबडीपेक्षा जास्त, तिच्या मोठ्या बहिणीपेक्षा जास्त. बहिरेपणातही पहिला नंबर कुणाचा, तर तोफेचा. तुम्ही गेटवर म्हणालात ते खरं होतं. हे मी एकदाच लिहितेय, परत लिहिणार नाही, तेव्हा हे पान सांभाळून ठेवा.

त्या दिवशी रडले थोडी. मग काम होतं.

कव्हरं आली. जाड पेट्या, पुढे काचेची खिडकी, आतल्या बाजूला काळा स्पंज. बसवताना मिशा प्रत्येक पेटीला टकटक करून बघत होता, टरबूज विकत घेतल्यासारखा. पहिल्या दिवशी मशिनं सुरू झाली आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, चालू झालीत की नाही? चालूच होती. जमीन हलत होती, झाकणं पडत होती, पण छातीत बसणारा तो दणका नव्हता. आणि आम्ही? आम्ही तशाच बेंबीच्या देठापासून ओरडतोय! लांबडी मिशाबद्दल जे काय बोलली, ते पार स्टोअरपर्यंत गेलं. मिशा तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. मग मिशी काढून आला.

बुचं घालायची रीतही बाईंनी शिकवली. बोटांत लाटून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढायचा, आत सारायचं आणि ते फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचं. आम्ही इतकी वर्षं नुसतं बाहेर टेकवत होतो, म्हणून ते पडायचं. आणि प्रेस खोकते ते बुचं घालूनही कळतं हो. हाताला कळतं, तळव्यांना कळतं. टेबलाखालची बुचं मात्र मी काढली नाहीत, टेबल चांगलं उभं आहे.

बाईंचं म्हणणं, मी अर्धी पाळीच प्रेसवर राहावं, बाकी अर्धी शांत जागी. जबरदस्ती नाही. मी चार दिवस तोंड फुगवलं आणि मग गेले पॅकिंगमध्ये. तुमच्याच जागेवर बसले. पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलं होतं तस्संच, सगळ्या मान खाली घालून गप्पा मारताहेत आणि मी मधोमध खांब. तुम्ही सोसलंत, वन्सं, मी सोसणाऱ्यांतली नाही. टेबलावर थाप मारली आणि म्हटलं, "बायांनो, माझ्याशी बोलायचं तर मान वर. माझ्यामागे बोलायचं तर खुशाल खाली." आता मान वर करतात. दोघी-तिघी हात चालवायलाही शिकल्यात. मिशाची खूण मात्र बदलावी लागणार.

नवीची शिट्टी कमी झालीय. रविवारी तर वाजलीच नाही म्हणाली. तिने हे मला सांगितलं तेव्हा मी तिला जवळ ओढून घेतलं, पत्र्याचे तेलकट हात तिच्या साडीला पुसले गेले, ती ओरडली, आणि मला कळलं नाही काय ओरडली.

तुमची भावजय


९ जुलै

वन्सं,

कानाला मशीन लागलं. शेंगदाण्याएवढं. बाई म्हणाल्या, पूर्वीसारखं होणार नाही, पण बोलणं बरंच कळेल. पहिले दोन दिवस डोकं उठलं. नळ गळतो म्हणून कळलं. माझ्या चपला इतक्या फटफट वाजतात आणि मला कुणी सांगितलं नाही! वर्तमानपत्राचं पान उलटताना केवढा मोठा आवाज होतो हो. कारखान्याने मफ वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना द्यायला हवेत.

पण खरी बातमी वेगळीच आहे, आणि ती तुमच्या घरातली आहे.

तुमचे बंधुराज कसे, हे तुम्हाला मी काय सांगणार? सगळे म्हणतात, गरीब माणूस, तोफेपुढे तोंड उघडत नाही. मलाही तसंच वाटायचं. मशीन लावून घरी आले आणि सवयीने म्हटलं, "तुम्हाला यातलं काही कळत नाही." तर पाठीमागून आवाज आला, "तुला फार कळतं." मी गर्रकन वळले. ते वर्तमानपत्रात. मी म्हटलं, "दार नीट लावलं नाहीत." मागून, "मग तू लाव." वन्सं, हा माणूस गेली कित्येक वर्षं मला एकेका वाक्याला उत्तर देत आलाय! एकही सोडलेलं नाही! मी पाठ वळवली की सुरू. आणि मी अख्ख्या जगाला सांगत फिरतेय, आमचे हे देवमाणूस.

मशीनवर केस ओढून घेतले आणि दिवसभर पाठ करून घरात वावरले. इतकी करमणूक माझी आजवर झाली नव्हती.

परवा सकाळी कामावर निघाले. नेहमीप्रमाणे डबा घेतला, चपला घातल्या, जिना उतरायला लागले. ते दाराशी उभे असतात, रोजच असतात, मला वाटायचं कडी लावायला. दोन पायऱ्या उतरले आणि मागून ऐकू आलं, "सांभाळून जा गं."

मी थांबले. वळून विचारलं, "काय म्हणालात?"

"कुठे काय?" ते दचकले, "काही नाही."

"ऐकलं मी. आज काय झालं असं म्हणायला?"

ते माझ्या कानाकडे बघायला लागले. मग म्हणाले, "आज कुठे? रोजच म्हणतो."

मी तिथेच जिन्यात बसले, वन्सं. रोज. लग्नापासून रोज. तेव्हा ऐकू येत असेल, पण मला आठवत नाही. आणि मग कधीतरी यायचं बंद झालं, आणि मला वाटलं माणूसच मुका आहे. आणि ते म्हणत राहिले. कुणी उत्तर देत नाही, वळून बघत नाही, तरी रोज. मी रडले, चांगली मोठ्याने रडले, शेजारचीने दार उघडून बघितलं. ते खाली आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "उशीर होईल तुला." मी म्हटलं, "होऊ दे." मिशाला काय सांगायचं ते बघता येईल.

तर आता तुमचं. बाईंची गाडी पुढच्या महिन्यात तुमच्या गावाकडे जाणार आहे, मी त्यांच्याकडून तारीख घेऊन ठेवलीय, आणि मी स्वतः येऊन तुम्हाला तिच्यात बसवणार आहे. काचेला कागद असेल, लबाडी चालायची नाही. "आता या वयात कशाला" हे तुमचं वाक्य मी इथूनच ऐकलं. या वयातच, वन्सं. नातू भिंतीकडे तोंड करून गोष्टी सांगतोय, लेक स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणते आणि तुम्ही "हो का?" म्हणता. कुणास ठाऊक, तुमच्या पाठीमागे रोज कोण काय म्हणतंय.

चला, निघते. दाराशी उभे आहेत.

तुमची भावजय